तळपत्र्याचा जीर्णोद्धार

इंदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने निघाले म्हणजे शहर संपता संपता राऊ लागते. येथून एक वाट महूकडे आणि पुढे विंध्याचा घाट उतरून महेश्वरच्या बाजूस जाते. दुसरी पीथमपूरच्या कारखान्यांकडे वळते. होळकर संस्थानच्या कर्जातून एकोणिसाव्या शतकात खांडव्याहून इंदूरपर्यंत जो लोहमार्ग आला, तोही राऊवरूनच गेला. बैलगाडी, आगगाडी आणि मोटार या तिन्ही वाहनांची वर्दळ पाहिलेले हे ठिकाण असल्यामुळे जुन्या वाहनांच्या आयुष्यमानाविषयी दोन शब्द लिहावयाचे, तर प्रारंभ येथूनच करणे उचित होईल.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीचा तळ, म्हणजे ज्यावर आपण पाय ठेवतो तो पत्रा, गंजून गेला असता तो बदलावा कसा, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो देवस्थानांशी संबंध असलेल्या आपल्या वाचकांस अनोळखी नाही. जुन्या वस्तूचा किती भाग बदलला तरी ती वस्तू तीच राहते? आणि कोणत्या क्षणी ती दुसरीच होते?

प्रथम तळाचा इतिहास पाहू. आरंभीच्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेल्या बग्ग्याच होत्या. खाली लोखंडी सांगाडा, त्यास चाके आणि इंजिन जोडलेले. आणि वर सुताराने घडविलेली लाकडी पेटी. पेटीच्या चौकटीवर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पातळ पत्रा चढवीत, आणि पायाखाली बहुधा लाकडी फळ्याच असत. फळी कुजली तर चार स्क्रू काढून नवी बसविता येई. वाहनाचा सगळा भार खालच्या सांगाड्यावर असल्याने फळी बदलल्याने वाहनाच्या बळात काडीचाही फरक पडत नसे.

इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या संग्रहातील गाड्या याच पद्धतीच्या होत्या. १९२६ साली गादीवर आलेल्या या महाराजांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांची मोटारींची आवडही तितकीच चोखंदळ होती. त्यांच्यासाठी तयार झालेल्या ड्यूसेनबर्ग एस. जे. गाडीचा सांगाडा आणि इंजिन अमेरिकेतील, तर वरची पेटी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची. एकाच गाडीचे दोन देशांत दोन जन्म झाले, ते सांगाडा व पेटी या दोन स्वतंत्र वस्तू होत्या म्हणूनच. ती गाडी पुढे हिंदुस्थानाबाहेर गेली. इंदूरला उरली ती तिची कीर्ती.

या व्यवस्थेला धक्का दिला तो पोलादी पत्र्याने. प्रचंड दाबयंत्राखाली पत्र्याला हवा तो आकार देण्याची कला साधल्यावर लाकडी चौकटीची गरज उरली नाही. इटलीतील लान्चिया कारखान्याने १९२२ साली आणि फ्रान्समधील सित्रोएन कारखान्याने १९३४ साली ज्या गाड्या काढल्या, त्यांत स्वतंत्र सांगाडाच नव्हता. तळ, बाजू, खांब आणि छप्पर एकमेकांस जोडून झालेली पेटी हीच गाडीची हाडे आणि तीच गाडीची कातडी. अंड्याचे कवच पातळ असूनही आपल्या आकारामुळे भार सोसते, तोच हा न्याय.

आपल्या देशात ही रचना घरोघर पोहोचविली ती दोन गाड्यांनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचे मूळ रूप इटलीत १९५३ साली प्रसिद्ध झाले होते. तिचीच पुढची आवृत्ती १९७० नंतरच्या दशकात 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. दुसरी गाडी म्हणजे बंगालातील उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सींची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. या दोन्ही गाड्यांत तळाचा पत्रा म्हणजे नुसते पायपुसणे ठेवण्याची जागा नव्हे. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पट्ट्या, मधला उंचवटा आणि त्यांच्यामध्ये ताणून बसविलेला तळ मिळून गाडीचा कणा होतो. हा तळ गंजला की दारे नीट बसत नाहीत, खड्ड्यात गाडी कुरकुरते, आणि अपघातप्रसंगी आतील माणसांचे रक्षण करणारी पेटी कागदासारखी दुमडते. महाराजांच्या गाडीत जी फळी होती, तिच्या जागी सामान्य गृहस्थाच्या गाडीत पाठीचा कणा आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता गंजाकडे वळू. लोखंड, हवा आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो; त्यात मीठ मिसळले तर वेग कितीतरी वाढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक असल्याने दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला म्हणजे सांधा आतून फुगवून उकलतो. गोमंतकात आणि कोकणपट्टीत समुद्राची खारी हवा आणि पणजीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी पडणारा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस या दोहोंमुळे गाडीचा तळ किती लवकर जातो, हे तेथील वाचकांस सांगावयास नको. माळव्याची हवा त्या मानाने कोरडी. इंदुरात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. म्हणून माळव्यातील जुन्या गाड्यांचे तळ किनाऱ्यावरील गाड्यांपेक्षा अधिक टिकावेत, हे ओघानेच आले. परंतु माळव्याचाही एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे येथील काळी माती. ती चाकांवरून उडून तळाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत चिकटते आणि पावसाळा संपल्यावरही ओल धरून ठेवते. वरून काचेच्या किंवा दाराच्या झिजलेल्या रबरातून पाणी झिरपते, ते गालिच्याखालच्या नमद्यात मुरते. पाणी निघून जाण्यासाठी कारखान्याने ठेवलेली भोके मातीने बुजलेली असतात. पत्रा वरून आणि खालून एकाच वेळी खाल्ला जातो, आणि मालकास मात्र वरचा चकचकीत रंग तेवढा दिसत असतो.

येथे राऊपासून पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या धारच्या लोहस्तंभाची आठवण होते. परंपरेने परमार राजा भोज याच्याशी जोडला गेलेला आणि अकराव्या शतकाच्या सुमाराचा समजला जाणारा हा स्तंभ मुळात सुमारे १३ मीटर लांबीचा होता. आज त्याचे तुकडे लाट मशिदीच्या आवारात आहेत. शतकानुशतके ऊनपाऊस सोसूनही त्याला गंजाने खाल्ले नाही, याचे कारण काय? दिल्लीच्या सुप्रसिद्ध लोहस्तंभाचा आणि या स्तंभाचाही अभ्यास करणारे कानपूरच्या आय. आय. टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचे उत्तर फॉस्फरसमध्ये शोधले. कोळशाच्या भट्टीत तयार झालेल्या त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच राही, आणि त्याच्या योगाने लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होई. मग मोटारीच्या पत्र्यात तेच लोखंड का वापरीत नाहीत, असे कोणी विचारील. फॉस्फरसने लोखंड ठिसूळ होते, आणि दाबयंत्राखाली जो पत्रा वळावयाचा, खोलगट व्हावयाचा, तो मऊच असावा लागतो. शिवाय स्तंभ म्हणजे जाडजूड घडीव लोखंड, तर गाडीचा तळ जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. स्तंभावर केसभर गंज चढला तरी त्याचे काही बिघडत नाही. तळपत्र्याचे मात्र तेवढ्यानेच आयुष्य सरते. तात्पर्य, ज्या गुणामुळे पत्रा हव्या त्या आकारात वळतो, त्याच गुणाबरोबर त्याचे अल्पायुष्यही ठरलेले आहे. त्यामुळे तळ बदलणे हे जुन्या गाडीच्या नशिबी केव्हा ना केव्हा येणारच.

ते बदलावयाचे कसे, याच्या दोन वाटा प्रचारात आहेत. पहिली सोपी आणि स्वस्त. कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारावयाचे, फटींत पुटी भरावयाची आणि वरून डांबरी काळा रंग फासावयाचा. गाडी आठ दिवसांत तयार होते. परंतु जुना गंज दोन पत्र्यांच्या मध्ये कोंडला जातो, तेथे ओल साठते, आणि तीन-चार पावसाळ्यांत नवा पत्राही जुन्याच्या वाटेने जातो. विकत घेणाऱ्याची फसवणूक होते ती निराळीच.

दुसरी वाट कष्टाची. प्रथम बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी व नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या दूर कराव्या, आसने, गालिचा व नमदा काढून पत्रा उघडा करावा. मग छोट्या हातोडीने सगळा तळ ठोकीत जावे. निरोगी पत्रा खणखणीत बोलतो आणि कुजका बद्द आवाज करतो. टोच्याचे टोक दाबले की कुजक्या जागी ते आरपार जाते. अशा रीतीने रोगाची सीमा खडूने आखून घ्यावी. कापण्यापूर्वी मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. तळ हा कणा असल्याने तो कापताच पेटी आपल्याच वजनाने वाकते. म्हणून दारे जागच्या जागी ठेवून त्यांच्या फटी मोजाव्या, दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे-तिरपे टेकू जोडावे, गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर सारखी टेकवावी, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची मापे लिहून ठेवावी. एका वेळी एकच बाजू कापावी. ती पुरी झाल्यावर दुसरी. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केलेली गाडी पुन्हा सरळ होणे कठीण.

कापताना निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावे, आणि तो लागला की थांबावे. नवा तुकडा मूळ जाडीच्याच मऊ पोलादाचा घ्यावा; बाजारात ज्याला अठरा किंवा वीस गेजचा म्हणतात, तो बहुधा जुळतो. कारखान्याने तळावर उठावाच्या ज्या रेघा काढलेल्या असतात, त्या केवळ शोभेच्या नसतात. पापडासारखा लवणारा पत्रा त्यांच्यामुळे ताठ राहतो. त्या रेघा नव्या तुकड्यावरही तशाच उठवाव्या. जोड लावताना सलग टाका ओढू नये. उष्णतेने पातळ पत्रा चोळामोळा होतो. येथे एक बारीक टाका, मग दूर तेथे एक, असे थंड होऊ देत देत जोडावे. कारखान्यात जेथे ठिपक्यांचे वेल्डिंग होते, तेथे भोके पाडून ती भरून काढली म्हणजे मूळच्या जोडासारखाच जोड होतो. शेवटी जस्तयुक्त अस्तर, सांध्यांवर भरण, पोकळ पट्ट्यांत मेण. आणि पाणी जाण्याची ती जुनी भोके पुन्हा मोकळी. एवढे झाले की मापे पुन्हा घ्यावी. ती पहिल्याशी जुळली आणि दार एका बोटाने बंद झाले, तर काम साधले.

ही दुसरी रीत वाचताना आपल्या शास्त्रकारांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी सांगितला आहे. जीर्ण मूर्तीच्या जागी नवी बसवावयाची, तर ती त्याच द्रव्याची आणि त्याच प्रमाणाची असावी, असा त्याचा आशय आहे. द्रव्य आणि प्रमाण! कुशल पत्रेवाला गेज आणि मापे जपतो, तो नकळत हेच सूत्र पाळीत असतो. पुरीच्या जगन्नाथाच्या दारुमूर्ती ठराविक काळाने नव्या होतात, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली झाल्या. त्याच्या रथयात्रेचे रथ तर दरवर्षी नवे बांधले जातात. तरी रथ जगन्नाथाचाच, आणि त्याची मापे तीच. आपल्या गोमंतकातील मंगेशाचे उदाहरण याहून जवळचे. कुशस्थळी येथील देऊळ सोडून १५६० साली देव प्रियोळास आला. भिंती निराळ्या झाल्या, गाव निराळे झाले. पण कुशस्थळीचा मंगेश तो हाच, याविषयी महाजनांच्या मनात कधी शंका आली नाही. सातत्य द्रव्यात होते, त्याहून अधिक ते सांभाळणाऱ्यांच्या निष्ठेत होते.

परंतु निष्ठेलाही विवेक हवा, आणि तो विवेक इंदूरच्याच इतिहासात आढळतो. अहिल्याबाई होळकरांनी काशीस १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे देऊळ उभारले आणि १७८३ साली सोमनाथास. दोन्ही ठिकाणी मूळ जागा मोकळी नव्हती वा उद्ध्वस्त होती. तेव्हा त्यांनी जवळच नवे देऊळ बांधले. जुन्या पडक्या भिंतींवर चुना फासून तेच जुने देऊळ आहे असा आभास निर्माण केला नाही. जेथे जीर्णोद्धार शक्य तेथे जीर्णोद्धार, जेथे नाही तेथे उघड नवनिर्मिती. मात्र दोहोंची सरमिसळ नाही.

हा सगळा विचार केवळ तात्त्विक राहिलेला नाही, याचे कारण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेले नियम. त्यांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी गाड्यांस 'विंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षांची असते. गाडी रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. यापुढची अट महत्त्वाची आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे. सांगाडा, पेटी किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी उलथापालथ तिच्यात झालेली नसावी.

आता कोणा गृहस्थाच्या घरी वडिलांनी घेतलेली १९६५ सालची फियाट आहे असे समजा. वयाच्या अटीत ती बसते. पण तिचा तळ गेलेला आहे, आणि आपण पाहिलेच की त्या गाडीत तळ हा पेटीचाच भाग. तो बदलावा तर मूळ स्वरूपास धक्का लागेल की काय ही भीती. न बदलावा तर गाडी चालविणे धोक्याचे. नियमाचे शब्द वाचले असता आक्षेप फेरबदलावर आहे, हे ध्यानात येते. त्याच जागी, त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा त्याच पद्धतीने जोडणे म्हणजे फेरबदल नव्हे, तो उद्धार होय, असे आमचे मत आहे. याउलट जाड चौकोनी नळ्यांचा नवा सांगाडा खाली घालून त्यावर जुनी पेटी ठेवली, तर गाडी कदाचित अधिक मजबूत होईल. पण ती ती गाडी राहणार नाही. मात्र आपले काम उद्धाराचे आहे हे सांगण्याची जबाबदारी मालकाची आहे. म्हणून कापण्यापूर्वीची छायाचित्रे, मापांची वही, आणि काढलेल्या पत्र्याचा एखादा तुकडाही जपून ठेवावा. देवळाच्या जीर्णोद्धारानंतर शिलालेख कोरतात, त्यात कोणी, केव्हा व काय केले ते लिहितात. गाडीलाही असा लेख हवा.

२०२१ च्या जून महिन्यात, म्हणजे हे नियम येण्याच्या काही दिवस आधी, राऊपलीकडे पीथमपूर येथे ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान चाचणीमार्गाचे उद्घाटन झाले. नव्या वाहनांची परीक्षा तेथे होते. जुन्या वाहनांची परीक्षा घेण्यास असा मार्ग नाही; ती गॅरेजच्या एका कोपऱ्यात, गाडीखाली पाठीवर निजलेल्या कारागिराच्या हातोडीने होते. त्याचे काम पुरे झाल्यावर त्यावर गालिचा अंथरला जातो आणि ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. गाभाऱ्यातील पीठाखाली अष्टबंध भरणाऱ्याचे कामही असेच झाकले जाते. मूर्ती ढळत नाही, एवढीच त्याची खूण. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी गालिचा एकदा उचलून पाहावा, आणि तेथे जे दिसेल त्यावर नुसता रंग फासण्याचा मोह आवरावा.